एकोणीस नंबरची बर्निस

शनिवारी सकाळी दहाच्या आतच काउंटीच्या जत्रेतल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. कोंबड्यांकडे मात्र कोणी बघत नव्हतं. पहिल्या बक्षिसाचा कोंबडा निळी फीत मिरवत एका पायावर उभा होता आणि त्याच्याकडे पाठ फिरवून तीनशे माणसं मधल्या कुंपणावर नजर लावून बसली होती. कुंपणात पत्र्याच्या दोन थाळ्या होत्या, दोन्हींत मका. एका थाळीवर लिहिलं होतं 'हो', दुसरीवर 'नाही'.

"टोप्या काढा," डेल्मर कुबिचेक भोंग्यातून म्हणाला. "बर्निस येतेय."

लोकांनी टोप्या काढल्या. त्यांत शेरीफ होता, लुथरन चर्चचा पाद्री होता आणि त्याच चर्चमध्ये चाळीस वर्षं टोपी न काढलेले दोघे-तिघे होते.

बर्निस ही हंसीण. दुधातून पाणी वेगळं काढणारी, पुराणातली नव्हे. ही मिनेसोटातली, आठ किलोची, स्वभावाने तिरसट आणि पोटऱ्यांना चावणारी. उजव्या पायात अॅल्युमिनियमची कडी, कडीवर नंबर एकोणीस.

"सात मतदानं झाली!" डेल्मर सांगत होता. "सातही वेळा बर्निसने निकाल आधी सांगितला. कसा? हंसाचं पोट जमिनीच्या जवळ. जमिनीवर सगळ्या काउंटीचे पाय. पायांतून कंपनं निघतात, ती पोटात शिरतात, पोटातून सरळ चोचीत येतात. वाटेत मेंदू कुठेही लागत नाही!"

"ते दिसतंच आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"बर्निस चुकत नाही, मंडळी. जी चुकते, ती बर्निस नव्हेच!"

हे वाक्य लोकांना फार खोल वाटलं. पाद्र्याने ते प्रवचनासाठी टिपून घेतलं.

डेल्मरच्या डोक्यावर एक कापडी फलक होता. फलकावर एका बाईंचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'पाचपैकी पाच! माझ्या विभागाला हे कधीच जमलेलं नाही. – प्रोफेसर मार्डेल टॉर्व्हिक, जनमताच्या अभ्यासक.'

त्या बाई फलकाखालीच उभ्या होत्या. फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा असल्यामुळे त्यांना कोणी ओळखलं नाही, आणि आज मार्डेलला त्याचं बरंच वाटत होतं.

"प्रश्न असा," डेल्मरने आवाज खाली आणला. "मंगळवारी मतदान. थोडा कर वाढवून काउंटीची अॅम्ब्युलन्स पुन्हा सुरू होईल का?" एवढं बोलून तो कुंपणात एका कडेला जाऊन उभा राहिला.

बर्निसने मान वर करून सगळ्यांना एकदा तुच्छतेने पाहिलं, डुलत डुलत 'नाही'च्या थाळीकडे गेली आणि मका खाऊ लागली.

शेडभर एक लांब सुस्कारा गेला. मार्डेलच्या शेजारचा म्हातारा टोपी चढवत बायकोला म्हणाला, "चला, मंगळवारचा हेलपाटा वाचला. गवत कापून घेऊ."

मार्डेलच्या हातातलं भाजलेलं कणीस तसंच थंड होत गेलं.

तिचा दोष सांगायचा तर थोडं मागे जावं लागेल. मार्डेल याच गावची. छत्तीस वर्षं विद्यापीठात तिने एकच गोष्ट शिकवली: लोकांना त्यांचं मत कसं विचारायचं आणि मिळालेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा. पाहणीसाठी दारोदार जाणाऱ्या बायकांना ती पहिल्या दिवशी एकच नियम घोटवून घ्यायची. जो सापडला त्याचं जेवढं लिहाल, तेवढंच न सापडलेल्याचं लिहा. दार वाजवलं, कोणी उघडलं नाही, तर तेही पान भरा. कारण घरी सापडणारी माणसं वेगळी असतात, न सापडणारी वेगळी. फक्त सापडलेल्यांना विचारलंत, तर सगळं गाव निवांत बसलंय असं वाटेल.

नियम सोन्यासारखा होता. मार्डेलने तो दुसऱ्यांकडून कडक पाळून घेतला.

अडीच वर्षांपूर्वी नाताळला ती घरी आली होती. तेव्हा बर्निसची पाच भाकितं खरी ठरली होती. डेल्मरने तिला पाच फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत एकोणीस नंबरची कडी, समोर थाळी आणि कोपऱ्यात मतदानाच्या आदल्या आठवड्याचं वर्तमानपत्र. स्थानिक साप्ताहिकाच्या बाईने मत विचारलं. मार्डेल म्हणाली, "पाचपैकी पाच! नुसत्या नशिबाने हे बत्तीसात एकदा घडतं. माझ्या विभागाला हे कधीच जमलेलं नाही."

ती थट्टा होती. पण त्या काउंटीत थट्टा, हवामान आणि मृत्यूची बातमी एकाच चेहऱ्याने सांगतात, आणि ऐकणारा चेहऱ्यावरून अर्थ लावतो. पुढच्या जत्रेत वाक्य फलकावर चढलं. मार्डेलला तेव्हाच डेल्मरला सांगता आलं असतं की उतरव. पण छत्तीस वर्षांत तिचं एकही वाक्य कोणी कापडावर छापलं नव्हतं. शिवाय फोटो चांगला आला होता.

"प्रोफेसरबाई, कणसाला गारठा लागतोय."

लव्हॉन स्कोग्लुंड समोर उभी होती. लव्हॉनने एकतीस वर्षं मार्डेलच्या पाहण्यांसाठी दारं ठोठावली होती. बर्फात, चिखलात, एकदा तर बैल मागे लागलेला असताना. तिने त्या बैलाचंही पान भरलं होतं. नवरा क्लेटन गेल्यापासून ती फारशी बाहेर पडत नसे.

"लव्हॉन! अगं, कशी आहेस?"

"आहे," लव्हॉन म्हणाली. मिनेसोटात हे सविस्तर उत्तर समजतात. मग तिने हनुवटीने बर्निसकडे खूण केली. "तो नंबर बघितलास?"

"एकोणीस. त्याचं काय?"

"एकोणीस आहे, तर एक ते अठरा कुठे आहेत?"

मार्डेल हसली. मग तिचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

"तूच शिकवलंस ना?" लव्हॉन शांतपणे म्हणाली. "पहिलं पान: घरात कोण कोण राहतं? जे आत्ता घरी नाहीत त्यांची नावं आधी लिहा. मी आज अख्खा तास त्या कुंपणाकडे बघत होते. घरात एकच माणूस आणि नाव एकोणीस. असं घर मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही."

"डेल्मर हंस पाळतोच की. नाताळला विकतो."

"तेच म्हणतेय. पिशवीचं तोंड कशाने बांधून देतो तो?"

त्याचं उत्तर मार्डेलच्या स्वयंपाकघरातल्या खणात होतं: जुन्या बॅटऱ्या, सुतळीचे तुकडे आणि कशाच्या ते न आठवणाऱ्या किल्ल्या यांच्यात. डेल्मर सोललेल्या हंसाच्या पिशवीला त्याच्याच पायातली कडी अडकवून देई. मार्डेलच्या खणात अशा तीन कड्या होत्या. तीन नाताळ, तीन हंस. आणि तिघेही फार चविष्ट होते, हे तिला नको असताना आठवलं.

"मागच्या नोव्हेंबरला हाच प्रश्न होता," लव्हॉन म्हणाली. "बर्निसने 'नाही' म्हटलं. एकतीस मतांनी नामंजूर झाला. मी मत द्यायला गेले नाही. क्लेटन म्हणाला, जाऊया की. मी म्हटलं, कशाला, निकाल लागलाय. मार्डेलसारखी बाई सांगते. जानेवारीत अॅम्ब्युलन्स बंद झाली. मार्चमध्ये क्लेटनच्या छातीत कळ आली तेव्हा शेजारच्या काउंटीतून गाडी यायला पन्नास मिनिटं लागली."

मार्डेलने कणीस बाजूच्या पिंजऱ्यावर ठेवलं.

"मी तुला दोष द्यायला नाही आले," लव्हॉन म्हणाली. "नंबर विचारायला आले."

दोष दिला असता तर परवडलं असतं.

डेल्मर शेडमागे बर्निसची पिसं विकत होता. मोठं पीस पाच डॉलर, खाली गळलेलं दोन.

"मार्डेल!" तो खुलला. "नाताळला नेहमीसारखाच ना? पाय वेगळे बांधून?"

"डेल्मर, पहिल्या वर्षी तुझ्याकडे किती हंस होते?"

"बत्तीस."

"आणि थाळ्यांपुढे किती उभे केलेस?"

"बत्तीसच्या बत्तीस. कोणात गुण आहे ते आधी कसं कळणार?" डेल्मरला हा प्रश्न बावळट वाटला, आणि तो काही लपवतही नव्हता, हेच भयंकर होतं. "सोळा चुकले, ते विकले. पुढच्या वेळी आठ, मग चार, मग दोन, मग एक. राहिली बर्निस. बियाण्याचा मका असाच निवडतात. वाईट काढायचा, चांगला ठेवायचा. माझा आजा असंच करायचा."

"आणि चुकलेल्यांचे फोटो?"

"हंसच नाही, तर फोटो ठेवून काय पूजा करू?" तो जवळ सरकला. "खरं सांगू? मलाही वाटायचं, यात काही खास नसेल. मग तू म्हणालीस बत्तीसात एकदा. तेव्हा माझा विश्वास बसला."

मार्डेलला साप्ताहिकाला सांगितलेलं आपलं वाक्य आठवलं. बत्तीस कड्या. बत्तीसात एकदा. उत्तर तिनेच तोंडाने सांगितलं होतं, वर्तमानपत्रात छापून आलं होतं, फक्त प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि प्रश्न विचारण्याचा पगार गावात एकटी तीच घेत होती.

लव्हॉन कामाला लागली. चर्चच्या जेवणाची यादी काढून तिने दुपारभर फोन केले. त्या काउंटीत कोणी काही टाकून देत नाही, त्यामुळे घराघरांतल्या खणांत उचकपाचक सुरू झाली. रविवारी चर्च सुटल्यावर, अॅपल-पायच्या स्पर्धेचा निकाल आणि ट्रॅक्टरने वजन ओढण्याची शर्यत यांच्या मधल्या वेळात, जत्रेच्या मंचावर एक फळी उभी राहिली. फळीला बत्तीस खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. मंचासमोर शेडमधलं कुंपण आणि दोन्ही थाळ्या आणून मांडल्या होत्या, पलीकडे सहाशे माणसं. पुढच्या रांगेत डेल्मर, त्याच्या काखेत बर्निस.

"क्रमांक एक?" मार्डेलने पुकारलं.

"आमच्याकडे होता," एक आजी उभी राहिली. "पहिला नाताळ. सफरचंदं भरून." तिने कडी खिळ्यावर अडकवली.

"दोन?"

"चर्चचं जेवण. मला मान मिळाली होती."

"तीन?"

पाद्री अवघडून उठला. "तीन माझा. थोडा करपला होता."

"त्याने मतदानाबद्दल काही सांगितलं होतं का?"

"मला कसं ठाऊक? माझी त्याची भेट झाली तेव्हा तो बटाट्यांबरोबर होता."

लोक हसले. पाचव्या-सहाव्या कडीपर्यंत हसत होते. पुढे हसू पातळ होत गेलं, कारण प्रत्येक जण आपापलं ताट आठवू लागला. कड्या येत राहिल्या. शेरीफची आठ, त्याच्या मेहुण्याची चौदा. सात, बावीस आणि तीस नंबर मार्डेलने खिशातून काढले.

"हे माझे," ती म्हणाली. "तिन्ही. पायांसकट."

शेवटी, बर्निसचा एकोणीस सोडून, तीन खिळे मोकळे उरले. लव्हॉनने तिथे खडूने गोल काढले आणि लिहिलं: 'तीनदा फोन केला. उत्तर नाही.' तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की सव्वीस नंबर लिंडालांच्या कुत्र्याच्या पट्ट्याला आहे. कुत्र्याला मंचावर आणण्यात आलं.

"आता बघा," मार्डेल म्हणाली. "पहिल्या पाच मतदानांना बत्तीस हंसांनी मका खाल्ला. दर वेळी जे चुकले, ते आपण जेवलो. पाच वेळांनंतर एक उरणारच होता. तो एकोणीस नंबर निघाला. चार निघाला असता तर आज चार नंबरची पिसं पाच डॉलरला गेली असती. बर्निस हुशार नाही. ती फक्त उरलेली आहे."

"आणि पुढची दोन?" डेल्मर उठला. "ती तर सगळ्यांसमोर झाली! आणि मका? बियाण्याचा मका पण थोतांड का?"

"मक्याचा गुण दाण्यात असतो, डेल्मर, पुढच्या पिकात उतरतो. नशीब दाण्यात नसतं. पुढच्या दोन मतदानांचं म्हणशील, तर जरा कुंपणात ये. 'हो'च्या थाळीपाशी उभा राहा."

"पण काल मी दुसरीकडे उभा होतो."

"म्हणूनच."

डेल्मर 'हो'पाशी गेला. बर्निस डुलत डुलत 'हो'कडे गेली. मार्डेलने त्याला 'नाही'कडे पाठवलं. बर्निस 'नाही'कडे. पुन्हा 'हो'. पुन्हा बर्निस 'हो'. सहाशे माना डावीकडे गेल्या, उजवीकडे गेल्या. मग डेल्मरला कुंपणाबाहेर काढलं, तेव्हा बर्निसने दोन्ही थाळ्यांकडे दुर्लक्ष करून पाद्र्याची पोटरी धरली.

"रोज मूठभर मका कोण देतं, तेवढं तिला कळतं," मार्डेल म्हणाली. "सहावं मतदान शाळेच्या पडलेल्या छपराचं होतं, ते मंजूर होणार हे कुंपणाच्या खांबालाही माहीत होतं, डेल्मरलाही. तो तिकडे उभा राहिला. सातवं अॅम्ब्युलन्सचं. डेल्मरला कर नको होता, तो 'नाही'पाशी उभा राहिला. मुद्दाम असेल, नसेल. तो जिकडे, तिकडे बर्निस. आणि बर्निस जिकडे, तिकडे आपण. जे 'हो' म्हणणार होते ते गवत कापत बसले. एकतीस मतं कमी पडली. भाकीत खरं झालं नाही. आपण ते खरं केलं."

शेरीफने हात वर केला. तो सभ्य माणूस होता, त्यामुळे त्याचा प्रश्न जास्त लागला. "बाई, तुम्ही यातल्या एवढ्या जाणकार. हे तुम्हाला अडीच वर्षांपूर्वीच का नाही दिसलं?"

मार्डेल इथे थांबू शकली असती. तिथून खाली उतरून अॅपल-पाय खाता आला असता. तिने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉन पेन्सिल धरून वाट बघत होती, एकतीस वर्षं दारात उभी राहून बघायची तशी.

"कारण माझ्याकडेही एक बर्निस आहे," मार्डेल म्हणाली. तिने पिशवीतून पिवळी पडलेली एक फाइल काढली. "माझं नाव झालं ते एका शोधामुळे. कराच्या प्रश्नात 'आपल्या शेजाऱ्यांसाठी' हे शब्द घातले, की शंभरात आठ माणसं जास्त 'हो' म्हणतात. पुस्तकांत आहे ते. मंगळवारच्या मतपत्रिकेवरही ते शब्द आहेत, काउंटीने माझं वाचून घातलेत. पण मी एकच वाक्य तपासलं नव्हतं. अकरा तपासली होती. 'आपल्या मुलांसाठी', 'आपल्या गावासाठी', अशी. दहांनी काहीच फरक पडला नाही. अकरावं चाललं. मी अकरावं छापलं आणि दहा खणात ठेवली. डेल्मरने निदान चुकलेले लोकांना खाऊ तरी घातले."

तिने फाइल उघडून ती दहा पानं लोकांपुढे धरली.

"मी खोटं लिहिलं नाही. त्या फलकावरचंही खोटं नव्हतं. उरलेलं सांगितलं नाही, एवढंच. अकरावं वाक्य खरं असेल, नसेल. मला छत्तीस वर्षांत कळलेलं नाही, कारण मी पुन्हा विचारलंच नाही. म्हणून बर्निस मला चमत्कार वाटली नाही. ओळखीची वाटली. आणि ओळखीच्या माणसाला कोणी नंबर विचारत नाही."

तिने चष्मा पुसला. "एवढंच सांगते. मंगळवारी 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा, पण स्वतः जाऊन म्हणा. आणि यापुढे कोणीही, हंस घेऊन येवो की पदवी घेऊन, एक बरोबर आलेला दाखवला, की विचारा: बाकीचे कुठे आहेत?"

सहाशे माणसांनी टोप्या सारख्या केल्या. मग मागून कोणीतरी म्हणालं, "बरं." त्या काउंटीत याला टाळ्यांचा कडकडाट म्हणतात.

मंगळवारी रांगा लागल्या. प्रश्न चव्वेचाळीस मतांनी मंजूर झाला. पिसं घेतलेल्या काही मंडळींनी बर्निसने मुळात 'हो'च म्हटलं होतं असं सांगायला सुरुवात केली, पण शनिवारचा फोटो लव्हॉनने काढून ठेवला होता.

बुधवारी डेल्मर मार्डेलच्या दारात हजर. हातात खोका, खोक्यात फुसफुस.

"चुकली," तो पडेल चेहऱ्याने म्हणाला. "नियम म्हणजे नियम. पाय वेगळे बांधू का?"

"जिवंत दे," मार्डेल म्हणाली. "चुकलेला एक तरी आता राहू दे डोळ्यांसमोर."

त्याच आठवड्यात तिने ती दहा वाक्यं, सगळ्या आकड्यांसकट, तिचा शोध छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवली. महिन्याने विनम्र उत्तर आलं: या दहा प्रयोगांत काहीच आढळून आलेलं नाही, त्यामुळे छापता येत नाहीत.

पुढच्या जत्रेत ती पानं कोंबड्यांच्या शेडमध्ये लागली, कड्यांच्या फळीशेजारी. बत्तीस खिळे, दोन खडूचे गोल, आणि एकोणीस नंबरचा खिळा रिकामा, कारण ती कडी खाली कुंपणात फिरत होती आणि लोकांच्या पोटऱ्या चावत होती. मार्डेल दिवसभर तिथे उभी राहायची. कोणी विचारलं की पहिल्यापासून सगळं सांगायची, आपल्या तीन कड्या बोटाने दाखवायची.

संध्याकाळी लव्हॉन आली. नवी अॅम्ब्युलन्स फाटकाजवळ उभी होती, मुलं तिच्या चाकांवर चढत होती. 

"पहिलं पान," लव्हॉन म्हणाली. "घरात कोण राहतं? जे घरी नाहीत त्यांची नावं आधी."

"क्लेटन," मार्डेल म्हणाली.

"हां," लव्हॉन म्हणाली, आणि मार्डेलच्या हातातलं कणीस घेऊन तिने अर्धं मोडलं.